नान्नजच्या माळावर झाडं लावू नका

सोलापूरहून कन्याकुमारी एक्स्प्रेसनं पालक्काडला उतरायचं, बसनं मन्नारक्काडमार्गे मुक्कालीला जायचं आणि वनखात्याच्या खिडकीवर नाव नोंदवून आपल्या पाळीची वाट बघायची. केरळातलं सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान बघायचं तर हीच रीत. स्वतःची गाडी आत नेता येत नाही. ठरलेली जीप, सोबत वाटाड्या आणि सैरंध्रीपर्यंत २३ किलोमीटरचा एकच रस्ता. चार वर्षांपूर्वी आम्ही सोलापूरचे पाच जण गेलो होतो. मोठ्यानं बोलू नका, वाट सोडू नका, काही उचलू नका, असं वाटाड्यानं सुरुवातीलाच बजावलं आणि आमच्यापैकी कुणी कुरकुर केली नाही.

सैरंध्रीच्या मनोऱ्यावरून नजर जाईल तिथवर झाडांचे शेंडेच शेंडे दिसतात, खाली कुंती नदी वाहते. पण माझ्या मनात घर करून राहिलं ते एक पडलेलं झाड. कमरेइतकं जाड खोड वाटेलगत आडवं झालेलं. त्यावर शेवाळाची गादी, शेवाळात बोटभर उंचीची रोपं, सालीच्या फटीत अळंब्यांच्या रांगा. इतकं लाकूड इथं कुजत का ठेवलंय, हे उचलत का नाही, असं मी विचारलं. वाटाड्या म्हणाला, "ये भी जंगल है, सर."

जुनं जंगल म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. नुसती उंच झाडं असली म्हणजे जंगल जुनं होत नाही. उभं झाड, वाळलेलं झाड, पडून कुजणारं झाड आणि त्याच्या अंगावर उगवलेलं रोप अशी एक साखळी असते. नांगर, कुऱ्हाड किंवा धरणाचं पाणी येऊन ती मध्येच तुटली नाही, तरच ते जंगल जुनं. कुंती नदीवर वीजप्रकल्प होऊ घातला होता. विजेची गरज खोटी नव्हती. तरी सत्तरच्या दशकात केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांपासून कवयित्री सुगतकुमारींपर्यंत अनेक जण त्याविरुद्ध उभे राहिले आणि १९८४ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. वीज दुसरीकडून आणता येते, ही साखळी दुसरीकडून आणता येत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होता.

परतताना जीपमध्ये आमच्यातला एक जण म्हणाला, "आपल्याकडं काय आहे बघ. नुसता बोडका माळ." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि पुढच्याच पावसाळ्यात एका संस्थेच्या वृक्षलागवडीत मी सोलापूरजवळच्या नान्नज गावाच्या बाजूच्या एका माळावर चाळीस रोपं लावली.

ते चुकलं, असं आता माझं ठाम मत झालं आहे. माझी चूक एवढ्यापुरता प्रश्न असता तर हा लेख लिहिला नसता. पण हेच काम जिल्ह्यात जागोजाग चाललं आहे, सार्वजनिक पैशानं आणि अगदी चांगल्या मनानं. म्हणूनच ते थांबवणं अवघड आहे.

त्या दिवशीचा पहिलाच खड्डा मला अजून आठवतो. दीड फूट खोल घ्यायचा होता. वरचा गवताचा थोंब काही केल्या निघेना. टिकावाचे सातआठ घाव बसले तेव्हा तो सुटला. वर जेमतेम वीतभर गवत आणि खाली हातभर मुळं, त्या मुळांनी मुरूम गच्च आवळून धरलेला. शेजारी खड्डा घेणारे मजूर काका म्हणाले, "पवन्या हाय. लई चिवट." आम्ही तो थोंब बाजूला भिरकावला आणि त्या जागी गिरिपुष्पाच्या झाडाचं रोप लावलं. फोटो काढला.

सायलेंट व्हॅलीत पडलेल्या झाडाला हात न लावणारे आम्ही, आमच्या गावाशेजारचं तितकंच जुनं काहीतरी टिकावानं उपटत होतो. फरक इतकाच की तिथलं जुनेपण डोळ्यांसमोर उभं असतं आणि इथलं मातीखाली असतं.

माळ जुना असतो, हे ऐकून माणसं हसतात. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे की पूर्वी इथं घनदाट अरण्य होतं, माणसानं ते तोडलं आणि उरला तो माळ. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर काही ठिकाणी हे खरं असेल. सोलापूरच्या बाबतीत ते खरं नाही. सह्याद्रीनं पावसाळी ढग अडवल्यावर जे उरतं ते आपल्या वाट्याला येतं. जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तीही भरवशाची नाही. त्यात काळ्या पाषाणावर हातभर मुरूम. असल्या जमिनीवर गवत, मधूनमधून बोरी-बाभळी, ओढ्याकाठी थोडी मोठी झाडं, हेच मूळचं रूप.

याला पुरावा आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची नक्षी कोरलेली कवचं सापडली. त्यांचं वय सुमारे २५,००० वर्षं. शहामृग हा उघड्या माळावर धावणारा पक्षी, गर्द रानात तो राहूच शकत नाही. म्हणजे महाराष्ट्रात शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी इथं मोकळी राने होती. अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी मध्ययुगीन मराठी साहित्य आणि लोकपरंपरेतल्या ओव्या वनस्पतींच्या नोंदींसाठी चाळल्या. तेराव्या शतकापासूनच्या मजकुरात त्यांना बाभूळवर्गातल्या आणि माळावरच्या काटेरी झाडाझुडपांचे उल्लेख सापडत गेले. पश्चिम महाराष्ट्राचा हा माळ निदान ७५० वर्षं तरी माळच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याच भाषेत ही साक्ष इतकी वर्षं पडून होती, याचं मला फार वाटलं. खरं तर पोथ्याही लागत नाहीत. माळढोक, माळटिटवी ही पक्ष्यांची नावं ज्यांनी ठेवली, त्यांना माळ ही स्वतंत्र जागा आहे आणि तिचे स्वतंत्र रहिवासी आहेत, हे ठाऊक होतं.

मग हा माळ 'पडीक' कधी झाला? महसुलाच्या वहीत. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही आणि इमारती लाकूडही मिळत नाही ती इंग्रजांच्या लेखी वाया गेलेली जमीन. इंग्रज गेले, वर्गवारी राहिली. स्वतंत्र देशानं उपग्रहावरून पडीक जमिनींचे नकाशे केले, त्यातही गवताळ आणि झुडपी राने त्याच खान्यात पडली. एकदा कागदावर पडीक लागलं की ती जमीन कशालाही मोकळी होते. कारखाना, सौर पॅनेल, खडी क्रशर, आणि यातलं काही नसेल तर वृक्षलागवड. २०१६ मध्ये राज्यानं २ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं, पुढच्या वर्षी ४ कोटींचं, मग १३ कोटींचं आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचं. एवढ्या झाडांना जागा कुठून आणायची? गावातली जागा अतिक्रमणात, शेतातली शेतकऱ्याची. राहिला माळ.

आता जो आक्षेप मला घरातूनच ऐकावा लागतो त्याकडे येतो. मे महिन्यात आपल्या गावाचा पारा ४३-४४ वर जातो, आणि तू झाडं लावू नका म्हणतोस?

मी झाडं लावू नका म्हणत नाही. माळावर लावू नका म्हणतो. सोलापूरकराला ज्या सावलीची गरज आहे ती होटगी रस्त्यावर, विजापूर रस्त्यावर, अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत, शाळांच्या पटांगणांत आणि एसटी थांब्यांवर हवी आहे. नान्नजच्या गवतात उभ्या केलेल्या गिरिपुष्पाची सावली बाराच्या उन्हात बस धरायला निघालेल्या बाईच्या डोक्यावर पडत नाही. रस्ता रुंद करताना जुना लिंब पाडायचा आणि त्याच्या बदल्यात वीस किलोमीटरवरच्या माळावर दहा रोपं लावल्याचं कागदावर दाखवायचं, यात दोन्हीकडे नुकसान आहे. शहरानं सावली गमावली आणि माळानं गवत.

झाडांमुळे पाऊस येतो, जमिनीत पाणी मुरतं, हेही सांगितलं जातं. कुठल्या जमिनीवर आणि कुठलं झाड, याला महत्त्व आहे. घट्ट गवताचा माळ पावसाचा पहिला जोर अंगावर घेतो, माती धरून ठेवतो आणि पाणी मुरू देतो. खोल मुळांची दाट लागवड मात्र आधीच थोडं असलेलं जमिनीतलं पाणी ओढते. झाडं हवेतला कर्ब साठवतात, असा हिशेब मांडणाऱ्यांनीही खाली बघावं. माळाचा बहुतेक कर्ब मातीत आणि मुळांत असतो, वणवा लागला तरी तो तिथंच राहतो.

आणि एकदा उकरलेला माळ पुन्हा उभा राहत नाही. म्हणजे राहतो, पण आपल्या आयुष्यात नाही. याच नेर्लेकरांनी जोसेफ वेल्डमन यांच्याबरोबर २०२० मध्ये जगभरच्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं की मोडल्यावर पुन्हा वाढलेल्या गवताळ रानात मूळच्या रानापेक्षा वनस्पतींच्या जाती ३७ टक्क्यांनी कमी भरतात, आणि ती तूट भरून निघायला निदान शतक, कित्येकदा हजारो वर्षं लागतात. जंगल तुटलं की हळहळणारी आपली मनं माळावर जेसीबी चालला की कामाला सुरुवात झाली म्हणून समाधान पावतात.

आता माळढोकाविषयी. नान्नजचं नाव त्याच्यामुळेच आहे. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी तो एक. राष्ट्रीय पक्षी म्हणून सालिम अलींनी त्याचंच नाव सुचवलं होतं, मान मोराला मिळाला. आज देशभरात मोकळ्या रानात दीडशेसुद्धा माळढोक उरलेले नाहीत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. आपल्याकडं एखादा दिसला तर बातमी होते. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. तिचा सगळा भरवसा चौफेर दिसण्यावर असतो. लांडगा, खोकड, माणूस, जे काही येईल ते लांबून दिसलं पाहिजे. तिथं आपण झाडांच्या रांगा उभ्या केल्या की तिची नजर अडते आणि कावळ्या-ससाण्यांना मात्र अंडी-पिल्लं हेरायला आयत्या बैठका मिळतात. म्हणजे माळढोकाच्या अभयारण्यात झाड लावणं म्हणजे त्याच्या घराच्या दारात भिंत घालणं. त्यात विजेच्या तारा. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही, तो थेट तारेवर आदळतो.

माळढोक परत येईल की नाही यावर माझा मुद्दा उभा नाही. तो नाही आला तरी माळ ओसाड होत नाही. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात आणि संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरतात. धाविक आहे, चंडोल आहे, काळविटांचे कळप आहेत, आणि लांडगा आहे. वन्यजीव कायद्यात लांडग्याला वाघाच्या पंगतीला बसवलं आहे, पण वाघासाठी ताडोबाला जाणाऱ्या कितीतरी सोलापूरकरांना आपल्या तालुक्यात लांडगा आहे याची गंधवार्ता नसते.

लोकांचा राग मात्र समजून घेतला पाहिजे. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, शिवाय नगर जिल्ह्यातला भाग. गावंच्या गावं, खासगी शेतं, सगळं हद्दीत. एका पक्ष्यासाठी जमिनीची खरेदी-विक्री अडली, बांधकाम अडलं, अशी भावना घराघरांत पसरली. 'माळढोक' हा शब्द शिवीसारखा वापरलेला मी ऐकला आहे. पुढं क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, पण मनातली अढी गेली नाही. कागदावर प्रचंड क्षेत्र आणि प्रत्यक्षात गवत विखुरलेल्या तुकड्यांत, याचा ना माणसाला फायदा झाला ना पक्ष्याला. माझी मागणी छोटी आहे. जे तुकडे अजून खऱ्या गवताचे आहेत ते मोजा, त्यांची नोंद जुना माळ म्हणून करा, आणि त्या तुकड्यांवर खड्डा घेऊ नका. शेतकऱ्याच्या बांधाला हात लावायची गरजच नाही.

धनगरांनाही हाकलायची गरज नाही. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस लागवडीच्या तारेजवळ एक म्हातारे मेंढपाळ भेटले. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची शिदोरी सोडून बसले होते, मलाही अर्धी दिली. मी विचारलं, "मामा, झाडं मोठी झाली की मेंढरांना सावली नाही का होणार?" ते म्हणाले, "सावलीला एक लिंबारा पुरतो की. पोटाला काय घालू?" गिरिपुष्पाच्या पाल्याला त्यांची मेंढरं तोंड लावत नव्हती, आणि लागवड म्हणून तारेचं कुंपण पडल्यानं आतलं गवतही गेलं होतं. उरलेल्या तुकड्यावर मग दुप्पट मेंढरं. अतिचराईचा ठपका शेवटी त्यांच्यावरच येतो. माळावर बेतानं चराई हवीच, हजारो वर्षं ती होत आली आहे. लांडग्यानं मेंढी नेली तर भरपाई लगेच हातात पडावी आणि चराईच्या पाळ्या गावानं ठरवाव्यात. लागवडीचा पैसा यासाठी वळवला तर तो कारणी लागेल.

आणि माळ बघायला जाणाऱ्यांविषयी थोडं कडक बोलावं लागेल. सायलेंट व्हॅलीत वाट न सोडणारे आपण नान्नजच्या बाजूला गवतात गाडी घालतो, कारण तिथं अडवायला झाडच नसतं. टायरखाली काय आहे ते दिसत नाही. टिटवीची, चंडोलाची, धाविकाची अंडी जमिनीवरच असतात आणि मातीच्या रंगाची असतात. लांडग्याच्या पिल्लांचा फोटो मिळावा म्हणून गाड्या गुहेपर्यंत नेल्या जातात, मग मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे पळते. पुणे वनविभागानं २०२४ मध्ये कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथं गवताळ रानाची सफारी सुरू केली. आधी नोंदणी, ठरलेली वाट, गावातलाच वाटाड्या. आपल्याकडंही असंच काटेकोर झालं तर मी पहिल्या रांगेत उभा राहीन. जाणाऱ्यांची संख्या कमी ठेवा, पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत बंद ठेवा, शुल्क गावाला द्या.

बघायला काय आहे, असं मुलं विचारतात. दसऱ्यानंतर जा. कुसळी पिकलेली असते. तिचं एक कुसळ घ्या, शेवटाला टोकदार बी आणि वर पिळ घातलेली काळपट शेपटी. तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाका आणि गप्प बसा. अर्ध्या मिनिटात ते आपोआप फिरायला लागतं. पीळ उलगडतो, शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी गोल सरकते आणि बीचं टोक तळहातात रुतू लागतं. दिवसा कोरडं, पहाटे दवानं ओलं, असं उलटसुलट फिरत ते बी मुरमात स्वतःला पेरतं. माझ्या भाचीनं ते सलग अकरा वेळा करून बघितलं आणि घरी नेण्यासाठी एक मागितलं. वाटेवरचं एक तिला दिलं.

गेल्या महिन्यात मी माझे चाळीस खड्डे बघायला गेलो. सहा रोपं जगली आहेत, बाकीचे खड्डे रिकामे. तीन पावसाळे होऊनही त्यांत पवन्या परतलेला नाही. काहींत गाजरगवत आहे, काहींत नुसता मुरूम. चहूबाजूंनी गवत आणि मध्ये सरळ रांगेत उघडे चौकोन, लांबूनही मोजता येतात.

त्याच संस्थेचं यंदाच्या लागवडीचं निमंत्रण आलं आहे, जागा पुन्हा तीच. मी फोन करून येणार नाही म्हणालो आणि कारण सांगितलं. पलीकडून बराच वेळ कुणी बोललं नाही. मग विचारलं, "मग लावायची कुठं, तुम्हीच दाखवा." रविवारी सकाळी सात वाजता त्यांना होटगी रस्त्यावर बोलावलं आहे. कुठं खड्डा घेता येईल, कुठली विजेची तार आड येते, कुठल्या दुकानदाराला पाणी घालायला सांगता येईल, ते सगळं चालत बघू. लिंबाची आणि करंजाची रोपं मी आणतो.